थंडीत तारे बघताना हात गरम कसे ठेवायचे: चोर्ल्यापासून हानलेपर्यंत

गोव्यात कुठे थंडी असते असं बाहेरचे लोक म्हणतात आणि पणजी-मडगावात बसून ते खरंही वाटतं, पण डिसेंबर-जानेवारीत वाळपईच्या पुढे सत्तरी तालुक्यात, नाहीतर चोर्ला घाटावर सुर्ल्याच्या बाजूला रात्री दोन वाजता टेलिस्कोपला डोळा लावून बसून बघा, बोटं आखडतात म्हणजे आखडतातच. वर चढलं की दर 100 मीटरला साधारण अर्धा-पाऊण डिग्री तापमान उतरतं, चोर्ला साधारण 800 मीटरवर, म्हणजे किनाऱ्यापेक्षा चार-पाच डिग्री कमी धरायचं, त्यात घाटावरचा वारा आणि पहाटेचं दंव. आणि आता आपल्याकडचे बरेच जण लडाखला हानलेलाही जायला लागलेत, तिथे साधारण 4,500 मीटर उंचीवर वेधशाळा आहे, 2022 च्या डिसेंबरात तो भाग डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा काळोख राखून ठेवलेला भाग, म्हणून जाहीर झाला, आणि तिथली रात्र गोव्याच्या माणसाने आयुष्यात अनुभवलेली नसते. म्हणून दोन्हीकडचं एकत्रच लिहितो, कारण तत्त्व एकच, फक्त तिकडे चूक महागात पडते.

आधी एक गोष्ट, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. हात गरम ठेवायचे तर सुरुवात हातापासून करायची नाही.

शरीराला थंडी जाणवली की ते पहिलं काम काय करतं तर छाती-पोटातल्या अवयवांची ऊब राखायला हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे बोटांकडे गरम रक्त जायचंच कमी होतं. बोटांत स्नायू जवळजवळ नाहीत, स्वतःची उष्णता ती फारशी तयार करत नाहीत, जी ऊब येते ती रक्तातूनच, आणि बारीक असल्यामुळे आकाराच्या मानाने त्यांची कातडी खूप, सगळीकडून उष्णता जाते. तेव्हा अंगात एक पातळ स्वेटर आणि हातात कितीही भारी ग्लोव्हज असले तरी तासाभरात बोटं गारच होणार, कारण मोजा ऊब तयार करत नाही, आहे ती धरून ठेवतो. उलट अंग नीट गुंडाळलेलं असेल तर साध्या मोज्यातही हात बराच वेळ टिकतात.

आणि आकाशदर्शनात अजून एक अडचण आहे जी ट्रेकला नसते, आपण हलत नाही. चालणारा माणूस घाम गाळत जातो, आपण खुर्चीवर नाहीतर टेलिस्कोपपाशी वाकून तासन् तास तसेच. शिवाय तारे चांगले दिसतात ती रात्र स्वच्छ असते, ढग नसतात, आणि ढग नसले की जमिनीची उष्णता सरळ वर आकाशात निघून जाते, म्हणून चांगली रात्र हीच जास्त गार रात्र असते. तेव्हा चालायला पुरेल त्यापेक्षा जास्त कपडे लागतात हे धरूनच निघायचं. जत्रेला रात्रभर दशावतारी नाटक बघायला बसणारी आपली मोठी माणसं शाल, कानटोपी, कांबळ घेऊनच जातात, त्यांना हे कोणी शिकवावं लागत नाही.

म्हणजे करायचं काय. गोव्यात आणि घाटावर असाल तर अंगाला चिकटून एक थर, वर लोकर किंवा फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जॅकेट, एवढं बास झालं. कानटोपी आणि मफलर विसरायचे नाहीत, गळा आणि डोकं उघडं असलं की हातांना त्याचा हिशोब द्यावा लागतो. हानलेला खाली थर्मल, मधे लोकर, वर पिसं भरलेलं जाड डाऊन जॅकेट आणि त्याच्याही वर वाऱ्याचं काहीतरी, आणि पायालाही तसंच, नुसती जीन्स घालून बसायचं तिथे डोक्यातही आणू नका. अंगाला चिकटून कॉटन नको, घाम धरून ठेवतं आणि मग तेच गार पडतं. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब देते.

पायाखाली काहीतरी घाला हे मी सगळ्यांना सांगत असतो आणि सगळे दुर्लक्ष करतात. गार जमिनीतून बुटांच्या तळव्यातून उष्णता सतत खाली जाते, एक योगा मॅट, जाड पुठ्ठा, घडी केलेली कांबळ, काहीही चालेल. पाय गरम राहिले की हातांना फरक पडतो, करून बघा. दोन जोड मोजे कोंबून बूट घट्ट करू नका मात्र, घट्ट झालं की रक्तच अडतं. हातालाही हाच नियम, ग्लोव्हज घातल्यावर बोटं आत हलली पाहिजेत.

आता हातांवर येऊ.

पाच बोटांचे जाड ग्लोव्हज घेऊन लोक खूष असतात, पण जास्त गरम ठेवतात ती मिटन, म्हणजे चार बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा असे मोजे, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात आणि बाहेरच्या हवेला उघडी बाजू कमी राहते. अडचण ही की मिटन घालून आयपीस, म्हणजे टेलिस्कोपला डोळा लावतो ती भिंग, बदलता येत नाही. म्हणून दोन थर. आत पातळ लायनर ग्लोव्ह, लोकरीचा किंवा सिंथेटिक, ज्यात स्क्रू फिरवता येतो, आणि त्यावर मोठं ढगळ मिटन. काम आलं की मिटन काढायचं, लायनरमधेच काम उरकायचं, परत घालायचं, उघडा हात बाहेर काढायचाच नाही. काही मिटनचं टोक मागे उलटतं आणि बोटं बाहेर येतात, फोटो काढणाऱ्यांना ती फार सोयीची, घाटापर्यंत ती एकटी पुरतात, हानलेला मात्र आतला थर हवाच.

काढलेलं मिटन काळोखात हरवतं, नाहीतर दंवाने ओल्या गवतावर पडून भिजतं. लहान मुलांच्या मोज्यांना दोरी बांधून ती दोन्ही बाह्यांतून ओवतात ना, मोठ्यांनीही तीच बांधायची, लाजायचं काही कारण नाही, रात्री तिथे कोणी बघायला नसतं आणि असलं तरी तोही गारठलेलाच असतो. दोरी नको असेल तर काढलेलं मिटन जॅकेटच्या आत छातीशी ठेवा, परत घालताना गरम मिळतं.

मनगट हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. बोटांकडे जाणारं रक्त मनगटापाशी कातडीच्या अगदी जवळून जातं, आणि नेमकी तिथेच बाही आणि मोजा यांच्यात फट राहते. जुने लोकरीचे पायमोजे असतील तर पंजाचा भाग कापून टाका, अंगठ्यासाठी एक भोक पाडा, आणि उरलेला भाग मनगटावर चढवून अर्ध्या तळव्यापर्यंत ओढा. फुकटात होतं आणि विकतच्या कित्येक वस्तूंपेक्षा जास्त उपयोगी पडतं. अंगठ्या, कडं, धातूच्या बांगड्या, घट्ट पट्ट्याचं घड्याळ घरी ठेवा, धातू गार पडतो आणि उंचीवर बोटं सुजली तर अंगठी अडकून बसते ते वेगळंच.

हँड वॉर्मरचं आता बरेच जण विचारतात. एकदाच वापरायचं पाकीट असतं त्यात लोखंडाची बारीक पूड, मीठ, पाणी, कार्बन वगैरे असतं, पाकीट फोडलं की हवेतला ऑक्सिजन लागून लोखंड गंजतं आणि त्या गंजण्याची उष्णता आपल्याला मिळते. म्हणजे त्याला हवा लागते, हे कळलं की वापरायचं कसं तेही कळतं. गरज पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी फोडा, घट्ट मोज्यात कोंबून ठेवलं आणि मंद झालं तर बाहेर काढून हलवा, हवा खाऊ द्या, परत तापेल. काम झाल्यावर झिपच्या पिशवीत हवा काढून बंद केलं तर गंजणं थांबतं आणि उरलेली ऊब पुढच्या वेळी मिळते. हानलेला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण सत्तावन्न टक्केच, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच, त्यामुळे तिथे ही पाकिटं इथल्यापेक्षा मंद चालतात, जास्तीची न्या. उघड्या कातडीला लावायची नाहीत, लायनर आणि मिटनच्या मधे ठेवायची, आणि तळव्यात धरण्यापेक्षा मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या पाठीवर, म्हणजे काम करताना आड येत नाहीत. हातात धरून झोपू नका, बधिर कातडी भाजलेली कळत नाही. मधुमेह असलेल्यांनी तर खास सांभाळायचं.

दुसरं ते पारदर्शक पाकीट, आत धातूची चकती असते, ती टिचकी मारून वाकवली की द्रव गोठतो आणि गरम होतो. उकळत्या पाण्यात ठेवलं की परत वापरता येतं म्हणून चांगलं वाटतं, पण ऊब तासाभराच्या आतच संपते. घाटावर एखाद्या रात्रीला ठीक. चार्जिंगवाले वॉर्मर मला बरे वाटतात, पण त्यात लिथियम बॅटरी असते, विमानात पॉवर बँकेसारखेच केबिन बॅगेत न्यायचे, चेक-इनमधे टाकू नका. आणि कुठलाही वॉर्मर टेलिस्कोपच्या तोंडाजवळ नेऊ नका, नुसता उघडा हात नळीसमोर आला तरी गरम हवेने तारा थरथरताना दिसतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भाग. हात गार पडतात ते बहुतेक वेळा मोजे काढावे लागतात म्हणून, आणि मोजे काढावे लागतात ते तयारी केलेली नसते म्हणून. त्यामुळे जे काम बोटांनी करायचं ते उजेडात, गरम हातांनी आधीच उरकायचं. रात्री काय काय बघायचं त्याची यादी घरीच करा, मोठ्या अक्षरात कागदावर लिहा आणि पुठ्ठ्याला क्लिप लावा, म्हणजे फोनवर चाळत बसायला लागणार नाही. ट्रायपॉड, टेलिस्कोप बसवायचं माउंट, नेम धरायची छोटी दुर्बीण म्हणजे फाइंडर, सगळं सूर्यास्ताच्या आधी लावून जुळवून ठेवा. कॅमेरा असेल तर फोकस ताऱ्यावर एकदा पक्का करून रिंगला टेप मारा, आणि ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारा इंटरव्हलोमीटर लावून सोडून द्या, प्रत्येक फोटोला बटण दाबत बसू नका. आयपीस दोनच घ्या, एक कमी मॅग्निफिकेशनचा एक जास्तीचा, न वापरलेला आतल्या खिशात, तो गरम राहतो आणि त्यावर वाफही कमी धरते.

धातूला हात लावायचा नाही. ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड हवेपेक्षा फारसा गार नसतो खरं तर, पण तो हाताची उष्णता भराभर ओढून घेतो, दंवाने ओला असला तर अजूनच. एसीच्या पाइपवर काळा फोमचा पाइप घालतात तो हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, ट्रायपॉडच्या पायांवर घालून टेप मारा, झालं. टेलिस्कोपचा फोकस जुळवायची बारीक गोल खुंटी मिटनमधून फिरत नाही, तिला लाकडी किंवा प्लास्टिकची कपडे वाळत घालायची क्लिप लावा, ती बोटाने ढकलता येते आणि फोकसही जास्त बारीक लागतो. जॅकेटच्या, पिशवीच्या, तंबूच्या सगळ्या चेनना दोरीचे गाठ मारलेले तुकडे बांधा म्हणजे मोजे न काढता ओढता येतील, रात्री लघवीला जाताना याची किंमत कळते. त्या चेनच्या कटकटीपायी लोक पाणीच पीत नाहीत आणि ते उंचीवर फार वाईट.

आणि हे सगळं निघायच्या आधी घरच्या गच्चीवर काळोखात मोजे घालून करून बघा. आयपीस बदला, क्लिप ढकला, टॉर्च लावा, चेन उघडा. गच्चीवर उकडेल, पण कुठलं काम मोज्यातून होत नाही ते तिथेच कळतं आणि त्यावर उपाय करायला वेळ असतो.

फोन वापरायचाच झाला तर टच चालणारे लायनर घ्या, आणि फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झटकन उतरते. हात गरम करायला गाडीत जाऊन बसायचा मोह होतो, गाडीचा आतला दिवा आधीच बंद करून ठेवा, नाहीतर काळोखाला सरावलेले डोळे परत सरावायला वीस-तीस मिनिटं जातात.

काय बघताय त्यावरही ठरतं. जेमिनिड उल्का बघायच्या, दरवर्षी 13-14 डिसेंबरच्या रात्री, त्याला हात लागतच नाहीत, स्लीपिंग बॅगेत हात आत घेऊन आडवे पडा, दोनच्या सुमाराला मिथुन रास डोक्यावर येते. बायनॉक्युलर मात्र हातांना त्रास देतो, हात वर धरून ठेवले की बोटांना रक्त कमी पोचतं आणि दहा मिनिटांत बधिरपणा येतो. आरामखुर्चीत टेकून कोपर छातीवर ठेवा, नाहीतर ट्रायपॉडवर लावा. गोव्यातून हिवाळ्यात बघायला बायनॉक्युलर फार छान, मृग, कृत्तिका, आणि दक्षिणेला अगस्ती तारा, जो आपल्याकडून साधारण 22 अंश वर येतो आणि हानलेहून डोंगर आड नसले तर जेमतेम क्षितिजावर चार-पाच अंश. म्हणजे अगस्ती बघायला लडाखला जायची गरज नाही, सुर्ल्याला या. अभयारण्याच्या हद्दीत मात्र रात्री परवानगीशिवाय शिरू नका.

मधेमधे उठायचंच. अर्धा-पाऊण तास झाला की उठून चाला, बैठका काढा, मोठे स्नायू हलले की रक्त गरम होतं आणि बोटांकडे जातं. बोटं गार वाटायला लागली की हात सरळ ठेवून खांद्यापासून मोठे गोल फिरवा, जोरात, वीस-तीस वेळा, रक्त बोटांच्या टोकापर्यंत ढकललं जातं आणि मुंग्या येऊन ऊब परत येते. हानलेला हे सगळं सावकाश, दम लागतो, आणि लेहला निदान दोन दिवस राहून शरीर सरावल्याशिवाय वर जायचंच नाही. मोजे काढून तोंडाची वाफ मारू नका, वाफेने हात ओले होतात आणि दुप्पट गार पडतात. त्यापेक्षा मोज्यातले हात काखेत घाला. आणि हे सगळं बोटं बधिर व्हायच्या आधी, एकदा बधिर झाली की परत आणायला फार वेळ लागतो.

खाण्यापिण्याचं. निघण्याआधी पोटभर जेवा, उपाशी शरीर ऊब करणार कशातून. थर्मासमधे आल्याचा चहा नाहीतर धण्या-जिऱ्याचा गूळ घातलेला कषाय, आणि मला विचाराल तर कुळथाचं गरम सार, मगमधे ओतून तो मोज्यातल्या दोन्ही हातांत धरून प्यायचं. खिशात जत्रेतलं खाजं, काजू, चिक्कीचे तुकडे ठेवा, घरीच छोटे करून, मोज्यातून उचलता येतील असे. फेणी, हुर्राक, रम यातलं काही नाही, हे आपल्याकडे जोर देऊन सांगावं लागतं. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल होतात, म्हणून गरम वाटतं, पण त्याच वाटेने अंगातली ऊब बाहेर जाते आणि थंडी वाजतेय हेही कळेनासं होतं. सिगरेट उलटं करते, बोटांच्या रक्तवाहिन्या आवळते, हातांना ते सरळ नुकसान.

हानलेला जायचं तर दिवाळीची सुट्टी चांगली जुळते, लक्ष्मीपूजन अमावास्येला येतं म्हणजे आसपासच्या रात्री चंद्राशिवायच्या. पण तेव्हा तिथे रात्री पारा शून्याच्या बराच खाली असतो, आणि तिथे गोव्याचा माणूस एका गोष्टीला ओळखत नाही ती म्हणजे हिमदंश. बोटाचं टोक पांढरं, मेणासारखं दिसायला लागलं आणि दुखायचं थांबलं तर बरं वाटलं असं समजू नका, दुखणं थांबणं हीच धोक्याची खूण. ताबडतोब आत जा, चोळू नका, बर्फ तर अजिबात चोळू नका, शेगडीवर धरू नका. काखेत घ्या नाहीतर कोमट पाण्यात बुडवा, 37 ते 39 डिग्री, पाणी दुसऱ्याने हात घालून बघायचं कारण बधिर बोटाला कळत नाही. रंग आणि जाणीव लवकर परत आली नाही, फोड आले, तर डॉक्टर. आणि ज्यांची बोटं इथे फ्रीजमधून बाटली काढतानाही पांढरी-निळी पडतात त्यांनी जायच्या आधीच डॉक्टरांना दाखवा. बंद खोलीत किंवा तंबूत कोळसा पेटवून हात शेकत झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही आणि त्याने माणसं जातात.

शेवटचा अर्धा तास सांभाळा. पहाटे सामान आवरताना हात सगळ्यात गारठलेले असतात, सगळं दंवाने ओलं असतं आणि स्क्रू तर सोडवायचेच असतात, बहुतेकांची बोटं तिथेच गारठतात. म्हणून लायनरची एक कोरडी जोडी खास आवरण्यासाठी वेगळी ठेवा, रात्रभर तिला हात लावू नका, आणि आवरायच्या आधी गरम काहीतरी पिऊन दोन चकरा मारून मग स्क्रूला लागा. खोलीवर परतलात की हातांना खोबरेल किंवा कोकमाचं तेल चोळा, उंचीवरच्या कोरड्या हवेत कातडी फुटते, पण हे निरीक्षण संपल्यावरच, तेलकट बोट आयपीसला लागलं तर ते पुसता पुसता दिवस जाईल. ओले मोजे बुखारीवर, म्हणजे तिथल्या खोलीतल्या शेगडीवर, किंवा हीटरवर टाकू नका, लोकर आकसते आणि सिंथेटिक वितळतं, झटकून दोरीवर पसरा, आणि दुसऱ्या रात्री परत बसायचं असेल तर अर्धवट वाळलेले लायनर झोपताना पांघरुणात पोटाशी घ्या, सकाळपर्यंत वाळतात.